टोकन दिलं, मग ओल दिसली : जुनं घर घेताना तपासणीची अट का आणि कशी घालायची?

२० सप्टेंबर २०२४. पुण्यातल्या बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात ड्रेनेज सफाईच्या कामासाठी महापालिकेचा ट्रक आला होता. खालची जमीन अचानक खचली आणि बघता बघता अख्खा ट्रक खड्ड्यात गेला. चालक वेळीच बाहेर पडला म्हणून वाचला. या घटनेचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. तिथे पूर्वी एक जुनी विहीर होती आणि ती वरून झाकलेली होती, असं नंतर सांगण्यात आलं.

समजा, ही जागा सरकारी नसून कुणाच्या खासगी मालकीची असती आणि विकायला निघाली असती. तुम्ही ती घ्यायला गेला असता. दहा चकरा मारल्या असत्या, तरी तुम्हाला वरचे पेव्हर ब्लॉकच दिसले असते. टोकन दिल्यावर विहिरीचं कळलं असतं, तर पैसे परत मिळाले असते का?

जुनं घर, जुना फ्लॅट किंवा पेठेतल्या वाड्यातला हिस्सा घेणाऱ्या प्रत्येकासमोर थोड्याफार फरकानं हाच प्रश्न असतो. विहिरीच्या जागी छतातली ओल असेल, गंजलेली सळई असेल, वाळवी लागलेला खांब असेल किंवा तळमजल्यावरचा पन्नास वर्षं जुना भाडेकरू असेल. आणि आपल्याकडे व्यवहाराची पद्धत अशी आहे की पैसे आधी जातात आणि या गोष्टी नंतर कळतात.

अमेरिकेत मुलगा घर घेतो तेव्हा

पुण्यात अनेक घरांतली मुलं-मुली अमेरिकेत आहेत. त्यांच्यापैकी कुणी तिकडे घर घेतलं असेल, तर फोनवर ‘इन्स्पेक्शन’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तिकडच्या खरेदी करारात बहुतेकदा एक अट असते. ऑफर स्वीकारल्यापासून ठरावीक दिवसांत, साधारण आठवडा-दहा दिवसांत, खरेदीदार आपल्या खर्चानं घर तपासून घेतो. त्यासाठी वेगळा निरीक्षक असतो. तो छपरावर चढतो, तळघरात उतरतो, वायरिंग आणि पाइप बघतो आणि लेखी अहवाल देतो.

अहवाल आल्यावर खरेदीदारासमोर तीन रस्ते असतात. आहे तसं घर घ्यायचं, दुरुस्ती किंवा किमतीत सूट मागायची, नाहीतर व्यवहारातून बाहेर पडायचं. मुदतीत बाहेर पडलं, तर सुरुवातीला भरलेली रक्कम परत मिळते. मुदत उलटली तर मात्र हा हक्क जातो. एका वाक्यात सांगायचं तर, ‘तपासणी समाधानकारक निघाली तरच हा करार माझ्यावर बंधनकारक’ अशी ती सशर्त खरेदी असते.

तिकडेही सगळं आलबेल आहे असं नाही. करोनाच्या काळात घरांसाठी झुंबड उडाली, तेव्हा आपली ऑफर उठून दिसावी म्हणून लोक ही अट स्वतःहून सोडून देऊ लागले. विक्रेत्यालाही तेच हवं असतं. शेवटी मॅसॅच्युसेट्स राज्यानं नियमच केला. १५ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या विक्रेत्याला ‘तपासणीचा हक्क सोडशील तरच घर देतो’ असं म्हणता येत नाही. म्हणजे अट लिहिण्याची पद्धत रुळलेली असूनही बाजार तापला की ती आधी गळते आणि तिला कायद्याचा टेकू द्यावा लागतो.

इंग्लंडमध्ये उलट गंमत आहे. तिथे दोन्ही बाजूंच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीच कुणाला बांधील नसतं. त्यामुळे घराची पाहणी त्याआधीच उरकली जाते आणि वेगळी अट घालायची तशी गरज पडत नाही.

आपल्याकडे या दोन्हींपैकी काहीच नाही. घर आवडलं की एजंट म्हणतो, ‘टोकन देऊन ठेवा, दुसरी पार्टी उद्या येतेय.’ मग लाख-दोन लाख जातात. त्यानंतर विसार पावती, मग साठेखत किंवा करारनामा, मग बँकेचं कर्ज आणि शेवटी खरेदीखत. या सगळ्या साखळीत इमारतीवर हातोडी मारून बघणारा माणूस कुठेच येत नाही. बँकेचा व्हॅल्युअर येतो, पण तो बँकेचं कर्ज बुडणार नाही ना एवढंच बघायला आलेला असतो. तुमच्या बाथरूमची ओल खालच्याच्या छतात उतरते का, हा त्याचा विषय नाही.

कायदा कुणाच्या बाजूनं आहे?

आपल्याकडे याबाबतीत काहीच कायदा नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. कायदा आहे, आणि तो १८८२ चा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये विक्रेत्याची कर्तव्यं दिली आहेत. त्यातलं पहिलंच असं की मिळकतीत किंवा विक्रेत्याच्या मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विक्रेत्याला माहीत असेल, खरेदीदाराला माहीत नसेल आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही खरेदीदाराला तो सापडला नसता, तर विक्रेत्यानं तो सांगितलाच पाहिजे. सांगितला नाही, तर कायदा त्याला फसवणूक म्हणतो.

ऐकायला छान वाटतं. पण या वाक्यात तीन अटी आहेत आणि तिन्ही तुम्हाला पार कराव्या लागतात.

दोष महत्त्वाचा हवा. नळ गळतो, दार घासतं हे यात बसत नाही. तो विक्रेत्याला माहीत होता हे दाखवता आलं पाहिजे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे साधी काळजी घेऊन तो तुम्हाला दिसण्यासारखा नव्हता, हेही दाखवावं लागतं. झाकलेली विहीर या कसोटीला उतरेल. छतावरचा ओलीचा डाग उतरणार नाही, कारण मान वर केली असती तर तो दिसला असता. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ मध्येही हाच सूर आहे. दुसऱ्यानं गप्प राहून फसवलं असलं, तरी साधी चौकशी करून सत्य कळण्यासारखं असेल तर त्या कारणावरून करार रद्द करता येत नाही.

मग ओलीच्या डागावर मालकानं गेल्याच आठवड्यात रंग मारला असेल तर? पीओपीची फॉल्स सीलिंग करून तो झाकला असेल तर? इथे वादाला जागा आहे आणि दोष मुद्दाम लपवला हे सिद्ध झालं तर खरेदीदाराचं पारडं जड होतं. पण सिद्ध करायचं कुठे? दिवाणी न्यायालयात. विक्रेता बिल्डर नसून तुमच्या-आमच्यासारखा साधा फ्लॅटमालक असेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ताही सहसा मोकळा नसतो. दिवाणी दाव्याला किती काळ लागतो हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

ते एक वाक्य, जे कुणी वाचत नाही

आता करारनाम्याचा कुठलाही छापील मसुदा काढा. त्यात बहुतेकदा या अर्थाचं एक वाक्य सापडेल : लिहून घेणार यांनी सदर मिळकतीची प्रत्यक्ष पाहणी करून, खात्री करून घेऊन ती पसंत केली आहे. काही मसुद्यांत पुढे ‘आहे त्या स्थितीत’ असंही जोडलेलं असतं.

म्हणजे आपल्या करारांत तपासणीचं कलम नाही असं नाही. ते आहे, पण उलट्या दिशेनं. तपासणी न करता तुम्ही तपासणी केल्याचं लिहून देता. उद्या तुम्ही कलम ५५ घेऊन उभे राहिलात, तर समोरचा वकील आधी हेच पान उघडेल.

माझ्या मते जुन्या घराच्या व्यवहारातलं हे सगळ्यात महागडं वाक्य आहे. एकदम काढून टाकायला मालक तयार होणार नाही. पण ते बदलता येतं. ‘खात्री करून’ च्या जागी ‘अमुक तारखेच्या इंजिनिअरच्या तपासणी अहवालास अधीन राहून’ एवढे शब्द आले, तरी पुढचा सगळा खेळ बदलतो.

दिलेले पैसे परत मिळतात का?

याचं उत्तर रकमेला कागदावर काय म्हटलंय यावर बरंच अवलंबून आहे. ‘विसार’ म्हणजे मी हा व्यवहार पूर्ण करीन याची हमी. व्यवहार तुमच्यामुळे मोडला, तर विसार जप्त होऊ शकतो. ‘किमतीपोटी आगाऊ रक्कम’ असं असेल तर चित्र वेगळं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या खटल्यात हाच फरक सांगितला : हमी म्हणून दिलेली रक्कम जप्त करता येते, निव्वळ किमतीचा भाग म्हणून दिलेली नाही, आणि करारात जप्तीची अट स्पष्ट असली पाहिजे.

मे २०२५ मध्ये के. आर. सुरेश विरुद्ध आर. पूर्णिमा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं खरेदीदाराचे २० लाख रुपये जप्त होणं योग्य ठरवलं. तिथेही करारात जप्तीची अट स्वच्छ लिहिलेली होती. शिवाय खरेदीदारानं दाव्यात ‘घर मिळत नसेल तर निदान पैसे तरी परत द्या’ अशी पर्यायी मागणीच केलेली नव्हती. असा दावा लावायची वेळ आलीच, तर वकिलाला हा मुद्दा आठवणीनं विचारा.

दुसरी बाजूही आहे. त्याच १८८२ च्या कायद्यात म्हटलंय की खरेदीदारानं योग्य कारणासाठी ताबा नाकारला, तर त्यानं दिलेल्या विसारापुरता त्याचा त्या मिळकतीवर बोजा राहतो. म्हणजे तुम्ही रिकाम्या हातांचे नसता. मुद्दा फक्त ‘योग्य कारण’ म्हणजे काय हा आहे. ते कारण आधीच कागदावर लिहिलेलं असेल, तर वाद पाच मिनिटांत मिटू शकतो. नसेल तर पाच वर्षांतही मिटत नाही.

व्हॉट्सॲपवर ‘टोकन मिळालं, थँक्स’ एवढाच मेसेज असेल, तर दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा अर्थ लावता येतो. पैसे परत करायची वेळ आली की मालकाला ते विसार वाटतात आणि तुम्हाला आगाऊ रक्कम.

अट नेमकी कशी लिहायची?

यासाठी नवा कायदा लागत नाही. अमुक गोष्ट घडली तरच करार लागू होईल, असा सशर्त करार करायला करार अधिनियमात पहिल्यापासून मुभा आहे. विसार पावतीवर साध्या मराठीत चार-पाच ओळी लिहिल्या तरी चालतात. नमुना म्हणून असं लिहिता येईल :

‘लिहून घेणार यांनी आजपासून १५ दिवसांच्या आत, स्वखर्चाने, महापालिकेकडे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सदर मिळकतीची तपासणी करून घ्यावयाची आहे. त्यासाठी लिहून देणार यांनी मिळकतीच्या सर्व भागांत, तसेच शक्य तेथे गच्ची, डक्ट व पाण्याच्या टाकीपर्यंत प्रवेश मिळवून द्यावयाचा आहे. तपासणीत आढळलेल्या दोषांच्या दुरुस्तीचा अंदाजित खर्च रु. ……… पेक्षा जास्त असल्यास लिहून घेणार यांना व्यवहार रद्द करण्याचा हक्क राहील व लेखी कळविल्यापासून ७ दिवसांत लिहून देणार यांनी विसाराची संपूर्ण रक्कम कोणतीही कपात न करता परत करावयाची आहे. मुदतीत न कळविल्यास तपासणी मान्य आहे असे समजण्यात येईल.’

हा नमुना आहे. सही करण्यापूर्वी तो आपल्या वकिलाला दाखवावा.

यात रिकामी सोडलेली रक्कम सगळ्यात महत्त्वाची. ‘दोष आढळल्यास’ एवढंच लिहिलं, तर कोणता दोष यावर भांडण होणार. पन्नास वर्षांच्या इमारतीत दोष सापडणारच. आकडा लिहिला की भांडणाला हद्द येते. शेवटची ओळ मालकासाठी आहे. त्याच्या बाजूनंही बघायला हवं. त्याचं घर तुम्ही अनिश्चित काळ अडवून ठेवू शकत नाही, आणि ‘बायकोला किचन आवडलं नाही’ हे कारण इंजिनिअरच्या अहवालाच्या आड लपवून बाहेर पडण्याची सोयही त्यानं का द्यावी?

वेळेचं गणितही महत्त्वाचं आहे. ही अट विसार पावतीत, म्हणजे नोंदणीच्या आधी पूर्ण झाली पाहिजे. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के आहे, खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर ६. रिसेलच्या फ्लॅटमध्ये सहसा करारनामा नोंदवतानाच ते पूर्ण भरलं जातं. ८० लाखांच्या फ्लॅटवर ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार होतात, वर नोंदणी फीचे ३० हजार. करार रद्द झाल्यावर शुल्काचा परतावा मागता येतो, पण त्याला मुदती आहेत, कपात आहे आणि खेटे आहेत. तेव्हा हातोडी आधी, मग दुय्यम निबंधकांचं कार्यालय.

मालक ऐकेल का? तापलेल्या बाजारात कदाचित नाही. नव्या उपनगरातल्या मागणी असलेल्या सोसायटीत तुमच्या मागे पाच जण उभे असतील, तर तुमची अट तो हसण्यावारी नेईल. पेठेत मात्र गणित वेगळं आहे. इथल्या जुन्या इमारतींना कर्ज देताना बँका वयावरून कां-कूं करतात, पार्किंग नसतं, वारसांच्या सह्या राहिलेल्या असतात. घर वर्षभर विकायला पडून असलेला मालक पंधरा दिवसांना नाही म्हणत नाही. आणि एखाद्यानं ‘इंजिनिअर आणायचा नाही’ असं ठामपणे सांगितलं, तर तीही माहितीच झाली.

पेठेतल्या घरात बघायचं काय?

बुधवार पेठेत साधारण तीन तऱ्हेची बांधकामं सापडतात. जुने वाडे : दगडी जोतं, सागवानी खांब आणि तुळया, विटा-मातीच्या भिंती. मग १९६१ च्या पानशेत पुरानंतरच्या काही दशकांत वाडे पाडून उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली आरसीसी इमारती. आणि अलीकडे पुनर्विकासात झालेले लिफ्टवाले टॉवर. अप्पा बळवंत चौकापासून तपकीर गल्लीपर्यंत चालत गेलात, तर तिन्ही एकमेकांना चिकटून उभी दिसतात.

वाड्यात लाकूड पाहायचं. खांब वरून तुकतुकीत असतो, पण तो दगडावर टेकतो तिथे ओल धरते आणि वाळवी तिथूनच सुरू होते. इंजिनिअर तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघतो. आत गेला तर समजायचं. तुळईचं टोक भिंतीत शिरतं ती जागाही तशीच. शेजारचा वाडा पाडला गेला असेल, तर सामाईक भिंतीला आता आधार कुणाचा आहे, हे बाहेरून जाऊन पाहायला हवं. पेठेत एकाचं पाडकाम हे शेजाऱ्याचं दुखणं होतं.

आरसीसी इमारतीत शत्रू म्हणजे पाणी आणि गंज. सळई गंजली की फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते. तुळईच्या लांबीला समांतर जाणारी भेग, तपकिरी ओघळ, छताचं ठोकल्यावर पोकळ वाजणारं प्लास्टर या त्याच्या खुणा. त्यापुढची तपासणी यंत्रांनी होते. रिबाउंड हॅमरनं काँक्रीटच्या पृष्ठभागाची ताकद कळते, अल्ट्रासॉनिक लहरींनी आतल्या पोकळ्या आणि भेगा कळतात आणि हाफ-सेल चाचणीनं सळई गंजण्याची शक्यता. एक साधी चाचणी तर शाळेच्या प्रयोगशाळेतली आठवेल : ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन टाकायचं. गुलाबी झालं तर काँक्रीटचा अल्कधर्मी गुण शाबूत आहे. रंग आलाच नाही, तर सळईचं संरक्षण गेलेलं आहे.

तुम्ही एकच फ्लॅट घेताय, पण पडते ती इमारत. म्हणून सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल मागा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. महापालिका कायद्याच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षं झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी सक्तीची आहे. प्रत्यक्षात किती जुन्या सोसायट्यांकडे हा कागद निघतो, ते एकदा विचारून बघाच. तुम्ही अजून सभासद नसता, म्हणून मालकामार्फत लेखी मागा. ‘ऑडिट केलेलंच नाही’ हे लेखी उत्तरसुद्धा किमतीच्या बोलणीत कामाला येतं.

महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाडे आणि इमारतींना नोटिसा देते. त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ मध्ये मोठी दुरुस्ती, कधी घर रिकामं करून तर कधी राहते ठेवून. सी-३ म्हणजे किरकोळ. तुमच्या इमारतीला अशी नोटीस आलीय का, हे मालकानं सांगायला हवं. न सांगितल्यास क्षेत्रीय कार्यालयात विचारा.

आणि शक्य असेल तर घर पावसाळ्यात पाहा. डिसेंबरात सगळीच छतं कोरडी असतात. जुलैमध्ये वरच्या मजल्यावर जाऊन गच्चीखालची खोली बघितली, तर निम्मी तपासणी फुकट होते.

जे टॉर्च मारूनही दिसत नाही

पेठेतले सगळ्यात मोठे दोष भिंतीत नसतातच.

बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याचंच घ्या. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती ही वास्तू. तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरूनही तळमजल्यावरच्या दुकानदारांच्या हक्कांचा वाद वर्षानुवर्षं चालला. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भोगवटादारांची याचिका फेटाळली, तेव्हा कुठे डिसेंबर २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात रातोरात तो मोडकळीला आलेला वाडा उतरवता आला. भूसंपादनाचे अधिकार असलेल्या महापालिकेला जिथे दिल्लीपर्यंत जावं लागलं, तिथे एकट्या खरेदीदाराची काय कथा?

भाडेकरू असलेली मिळकत तुम्ही घेता, तेव्हा भाडेकरूसकट घेता. तुम्ही फक्त जुन्या मालकाच्या जागी येता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ त्याला संरक्षण देतो. ‘वाडा पडायला आलाय, पडला की सुटला प्रश्न’ असं एखादा एजंट कानात सांगेल. तेही खरं नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की महापालिकेनं इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, तो जमिनीवरही राहतो. म्हणून वाड्यात हिस्सा घेत असाल तर तपासणीच्या अटीत भाडेकरूंची यादी, पावत्या आणि चालू दाव्यांची माहितीही घाला.

दुसरा न दिसणारा दोष म्हणजे शनिवारवाडा. तो केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची गरज, असा केंद्राचा कायदा आहे. दुरुस्तीलाही परवानगी लागते. आसपासच्या पेठांतले कितीतरी जुने वाडे यामुळे धड पडेनात आणि धड उभे राहीनात. ‘पुढेमागे रिडेव्हलपमेंट होईलच’ या आशेवर जास्त किंमत मोजत असाल, तर आधी नकाशावर अंतर मोजून घ्या.

बाकी कागद नेहमीचेच, पण सोडू नका. सिटी सर्व्हे कार्यालयातली मिळकत पत्रिका, वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, वृत्तपत्रात जाहीर नोटीस, मिळकत कराची थकबाकी. पेठेत चार भावांपैकी एक अमेरिकेत आणि एक बोलत नाही, हे इतकं नेहमीचं आहे की सर्व वारसांच्या सह्या हीदेखील एक अटच मानावी.

नवा फ्लॅट घेत असाल तर?

तिथे रेरा कायदा बरंच काम करतो. कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला, तर बिल्डरनं कळवल्यापासून ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा. नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. आणि फारसं कुणाला माहीत नसलेली गोष्ट : कायद्यातल्या ‘अलॉटी’च्या व्याख्येत पुढे विकत घेणाराही येतो. तीन वर्षं जुना फ्लॅट पहिल्या मालकाकडून घेतलात, तर उरलेल्या दोन वर्षांसाठी बिल्डरकडे मागणी करता येऊ शकते. म्हणून ताब्याची तारीख दाखवणारं मूळ पत्र मालकाकडून मागून घ्या.

पण पेठेत इथेही एक मेख आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. वाड्यांच्या जागा मुळातच लहान. त्यामुळे एखाद्या वाड्याच्या जागी उभी राहिलेली चकचकीत सहा मजली इमारत महारेराच्या संकेतस्थळावर सापडलीच नाही, तर ती बेकायदा आहे असं नाही. पण मग तिचे मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र आणि मूळ भाडेकरूंशी झालेले करार हे सगळं तुम्हालाच महापालिकेतून आणि मालकाकडून गोळा करावं लागेल. विसार पावतीतले पंधरा दिवस त्यासाठीही पुरतील असे मागून घ्या, कारण भोगवटा प्रमाणपत्राची प्रत काही दोन दिवसांत हातात पडत नाही.